लॅमिनेट, एसपीसी की लाकडासारखी टाइल? राहत्या घरातील फरशीवर नवी जमीन घालताना

पुण्यामुंबईतल्या दुकानात ‘वुडन फ्लोअरिंग’ मागितले, तर विक्रेता जे नमुने समोर मांडतो त्यांत निदान तीन वेगवेगळ्या वस्तू असतात. तिन्हींच्या पृष्ठभागावर सागाच्या किंवा ओकच्या रेषा असतात, तिन्हींना क्लिकने बसणारी खाच असते आणि तिन्हींचा भाव चौरस फुटावरच सांगितला जातो. लॅमिनेटचा गाभा दाबून घट्ट केलेल्या लाकडी तंतूंचा असतो. एसपीसीचा (स्टोन प्लास्टिक कॉम्पोझिटचा) गाभा चुनखडीची भुकटी आणि पीव्हीसी यांच्या मिश्रणाचा असतो, म्हणजे त्यात लाकडाचा अंशही नसतो. इंजिनिअर्ड वुडमध्ये प्लायवुडसारख्या थरांवर खऱ्या लाकडाचा दोन ते चार मिलिमीटरचा काप चिकटवलेला असतो. यांच्या जोडीला आता लाकडाच्या छपाईची लांबट व्हिट्रिफाइड टाइलही मिळते. दिसायला जवळजवळ सारख्या असलेल्या या वस्तू पाण्याशी, उन्हाशी आणि सरकवलेल्या कपाटाशी अगदी निरनिराळ्या रीतीने वागतात, आणि खरी निवड तिथेच करायची असते.

ही तुलना एक ठरावीक घर डोळ्यांपुढे ठेवून केली आहे. इमारत पंधरा-वीस वर्षांची, सदनिका दोन शयनकक्षांची, खाली जुनी मोझेक किंवा दोन फुटी व्हिट्रिफाइड फरशी, आणि माणसे त्याच घरात राहत असल्यामुळे ती फरशी फोडण्याची कोणाचीच तयारी नाही. महाराष्ट्रातील शहरांत लॅमिनेटचा विचार करणारी बहुतेक कुटुंबे याच परिस्थितीत असतात. इंजिनिअर्ड वुड या तुलनेत मी फारसे आणणार नाही. ते देखणे असते आणि वरचा थर पुरेसा जाड असेल तर एखाद-दोनदा घासून पुन्हा पॉलिशही करता येते. परंतु त्याची किंमत लॅमिनेटच्या कितीतरी वर जाते आणि पाण्याची भीती मात्र तशीच राहते.

पाणी कुठून येते

लॅमिनेट १९७७ मध्ये स्वीडनमधील पर्स्टॉर्प या कंपनीने विकसित केले आणि पुढे ते ‘पेर्गो’ या नावाने बाजारात आले. सुरुवातीला फळ्या गोंदाने जोडाव्या लागत. गोंदाशिवाय एकमेकींत अडकणारी आजची खाच नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. हा इतिहास इथे सांगण्याचे कारण असे की जिथे हिवाळ्यात घरे तापवली जातात, घरातली हवा कोरडी राहते आणि जमीन बादलीभर पाणी ओतून कोणी धूत नाही, अशा प्रदेशात ही वस्तू घडली. आपल्याकडे जमीन रोज ओल्या फडक्याने पुसली जाते, दिवाळीपूर्वी घर धुऊन काढले जाते आणि जुलैमध्ये मुंबईच्या हवेतील आर्द्रता अनेक दिवस ८५ टक्क्यांच्या वर राहते. तेव्हा लॅमिनेट आपल्या घरात आणताना पहिला प्रश्न रंगाचा नसून पाण्याच्या वाटांचा असला पाहिजे.

लॅमिनेटच्या फळीत चार थर असतात. सर्वांत वर मेलामाइन रेझिनमध्ये ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण मिसळलेला पारदर्शक थर, त्याखाली छापील कागद, मग एचडीएफचा, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लाकडी तंतूंचा, गाभा आणि तळाशी फळी वाकू नये म्हणून तोल राखणारा थर. वरचा थर पाणी आत घेत नाही, म्हणून दुकानात नमुन्यावर पेलाभर पाणी ओतून दाखवले की आपला विश्वास बसतो. मात्र पाणी फळीच्या वरच्या पृष्ठभागातून शिरत नसून सांध्यातून शिरते. गाभ्यातील तंतू एकदा फुगले की वाळल्यावरही पूर्वीच्या जाडीला परत येत नाहीत, आणि सांध्यापाशी उठलेली कड कायमची राहते.

हे मी स्वतःच्या घरात पाहिले आहे. एसीचा पाण्याचा नळ भिंतीच्या आत तुंबला आणि पलंगाच्या मागच्या बाजूने पाणी रात्रभर थेंबथेंब खाली उतरत राहिले. भिंतीवर डाग दिसेपर्यंत आठवडा गेला होता. तोवर पाणी स्कर्टिंगमागच्या मोकळ्या फटीतून फळ्यांच्या खाली पसरले होते आणि पलंगाखालच्या चार ओळींच्या कडा कौलांसारख्या वर आल्या होत्या. फळ्या घेताना ज्या विक्रेत्याने त्या ‘वॉटरप्रूफ’ असल्याचे सांगितले होते, त्यानेच नंतर हमीपत्रातील खालून आलेल्या पाण्याचे कलम दाखवले. कलम तिथे पहिल्यापासून होते, ते आम्ही वाचले नव्हते. त्यामुळे मी प्रत्येकाला सांगतो, की ‘चोवीस तास’ किंवा ‘बहात्तर तास पाणीरोधक’ असा शिक्का वरून सांडलेल्या पाण्यापुरता असतो. कडांना मेण किंवा पाणी झिडकारणारा लेप दिलेली फळी साध्या फळीपेक्षा निश्चितच चांगली, आणि लॅमिनेटच घ्यायचे असेल तर तशीच घ्यावी. परंतु खालून आलेल्या पाण्यापुढे तीही टिकत नाही.

फळीची कड चोवीस तास पाण्यात ठेवून ती किती टक्के सुजते हे मोजण्याची प्रमाणित चाचणी आहे आणि नामांकित उत्पादकांच्या तांत्रिक पत्रकात तो आकडा छापलेला असतो. विक्रेत्याकडे ते पत्रक मागावे. दोन फळ्यांत निवड करायची असेल, तर ज्या फळीचा हा आकडा कमी ती, मग ती दिसायला थोडी साधी असली तरी, आपल्या हवेला अधिक योग्य.

एसपीसीचे खरे बळ इथे दिसते. चुनखडी आणि पीव्हीसीचा गाभा पाण्यात फुगत नाही, त्याला वाळवी लागत नाही आणि पावसाळ्यातील दमट हवेत त्याचे माप बदलत नाही. खाली पाणी शिरले, तर फळ्या उचलून, जमीन वाळवून त्याच फळ्या पुन्हा बसवता येतात. टाइल तर याहूनही निर्धास्त असते. व्हिट्रिफाइड टाइलची पाणी शोषण्याची क्षमता वजनाच्या अर्ध्या टक्क्यापेक्षा कमी असते, आणि ती धुतली काय की पुसली काय, तिला फरक पडत नाही.

कोकणातील तळमजल्याच्या घराबद्दल माझे मत ठाम आहे. तिथे जमिनीतून ओल वर येते, पावसाळा लांबतो आणि वाळवी दारातच असते. लॅमिनेटचा गाभा लाकडाचाच असल्याने वाळवीला तो वर्ज्य नाही. खाली प्लास्टिकचा कागद अंथरला तरी भिंतीच्या कडेने ओल येत राहते. रत्नागिरीच्या किंवा गोव्याच्या अशा घरात लॅमिनेट घालू नये. तिथे टाइल घालावी, आणि लाकडाचे रूप हवेच असेल तर एसपीसी घ्यावे.

हवा आणि ऊन

पाणी न सांडताही लॅमिनेट ओलावा घेते, कारण लाकडी तंतू हवेतील बाष्पाने किंचित पसरतात आणि उन्हाळ्यात आकसतात. नागपूरच्या किंवा संभाजीनगरच्या मे महिन्यातील कोरड्या हवेत फळ्या भिंतीला टेकवून घट्ट बसवल्या, तर जुलैत खोलीच्या मध्यभागी जमीन उचललेली दिसते आणि पाय ठेवला की खाली दबते. म्हणून भिंतीपासून चारही बाजूंनी आठ ते दहा मिलिमीटरची फट सोडावी लागते. दाराच्या चौकटीपाशी आणि खोलीतल्या खांबापाशीही ती फट हवी, आणि कारागिरांची चूक बहुधा तिथेच होते. बॉक्स ज्या खोलीत बसवायचे त्याच खोलीत निदान ४८ तास आडवे ठेवावेत, म्हणजे फळ्यांना तिथल्या हवेची सवय होते. सकाळी टेम्पो आला आणि दुपारी काम सुरू झाले, असे होऊ देऊ नये. खोलीची लांबी आठ-दहा मीटरपेक्षा जास्त असेल किंवा दोन खोल्यांची जमीन सलग न्यायची असेल, तर मध्ये टी आकाराची पट्टी देऊन सांधा मोकळा ठेवावा लागतो.

उन्हाच्या बाबतीत मात्र बाजू उलटते. एसपीसीत पीव्हीसी असल्यामुळे ते उष्णतेने पसरते. पश्चिमेकडे मोठी काच असलेल्या खोलीत, जिथे एप्रिल-मे महिन्यांत दुपारभर ऊन थेट जमिनीवर पडते, तिथे एसपीसीच्या सांध्यांवर ताण येतो आणि कडा उचलल्या जाण्याची शक्यता वाढते. लॅमिनेट अशा उष्णतेला जास्त स्थिर राहते. पडदा तर दोघांनाही हवा, कारण वर्षानुवर्षे ऊन पडत राहिले की छापील रंग थोडाफार उतरतो. टाइलला यातले काहीच लागू होत नाही.

ओरखडे, आकडे आणि जाडी

लॅमिनेटच्या झिजेचा दर्जा ‘एसी’ या अक्षरांनी आणि पुढच्या अंकाने दाखवला जातो. युरोपातील ईएन १३३२९ या मानकातून ही पद्धत आली आहे. एसी ३ घरातील भरपूर वापराला आणि कार्यालयातील हलक्या वापराला पुरेसे मानले जाते, एसी ४ सर्वसाधारण व्यावसायिक वापराला, आणि एसी ५ गर्दीच्या जागांना. शयनकक्षासाठी एसी ३ चालते. लहान मुले असतील, चाकांची खुर्ची असेल किंवा घरातल्या सगळ्यांचा वावर त्याच खोलीतून होत असेल, तर एसी ४ घ्यावे. एसी ५ साठी घरात जास्त पैसे देण्याचे कारण मला दिसत नाही. तेच पैसे चांगल्या कडांच्या फळीवर आणि जमीन सपाट करण्यावर खर्च करावेत.

लॅमिनेटचा पृष्ठभाग एसपीसीपेक्षा कठीण असतो, आणि ही गोष्ट दुकानात सहसा कोणी सांगत नाही. एसपीसीच्या वरचा पारदर्शक थर विनाइलचा असतो. तो ०.३ मिलिमीटर असेल तर बुटाखाली आलेला वाळूचा खडा किंवा ओढलेला पाट त्यावर रेघ उमटवतो, म्हणून एसपीसी घेताना ०.५ मिलिमीटरचा थर मागावा. लॅमिनेटवर अशी रेघ सहज उमटत नाही. मात्र जड वस्तू टोकावर पडली, तर कडेचा टवका उडतो. दोन्हींची एक मर्यादा सारखी आहे. वरचे चित्र छापील असल्यामुळे घासून नवे करता येत नाही आणि खराब झालेली फळीच बदलावी लागते.

जाडीबद्दलचा गैरसमज सर्वांत मोठा आहे. बाजारात लॅमिनेट मुख्यतः आठ आणि बारा मिलिमीटरमध्ये मिळते आणि ग्राहक साहजिकच बारा म्हणजे जास्त टिकाऊ असे धरून चालतो. झीज सोसतो तो वरचा थर, आणि तो आठ मिलिमीटरच्या एसी ४ फळीत बारा मिलिमीटरच्या एसी ३ फळीपेक्षा सरस असतो. जाडीचा उपयोग वेगळा आहे. जाड फळी पायाखाली भरीव लागते, आवाज कमी करते आणि जमिनीचा बारीक उंचसखलपणा जास्त सोसते. तथापि त्या जाडीत गाभा भुसभुशीत असेल, तर खाचेची जीभ तुटते आणि फळ्या सुटू लागतात. चांगला एचडीएफ दर घनमीटरला ८०० किलोच्या वर असतो. एकाच मापाच्या दोन कंपन्यांच्या फळ्या हातात घेतल्या, तर वजनातला फरक हातालाही कळतो. माहितीचे पत्रक नसलेल्या बारा मिलिमीटरपेक्षा पत्रक असलेली भक्कम आठ मिलिमीटर एसी ४ फळी मी केव्हाही पसंत करेन. शिवाय बारा मिलिमीटरची फळी आणि खालचा दोन मिलिमीटरचा फोम मिळून जमीन चौदा मिलिमीटरने वर येते, मग दारे खालून कापावी लागतात आणि भिंतीतल्या कपाटाच्या पल्ल्यांचाही विचार करावा लागतो. एसपीसी चार ते सहा मिलिमीटरचे असल्याने अनेक घरांत दारांना हात न लावता बसते, आणि हा फायदा लहान वाटला तरी खर्चात दिसतो.

चिकटवलेल्या लाकडी गाभ्यातून फॉर्मल्डिहाइड हा वायू बाहेर पडत असतो, म्हणून ई१ (या वायूच्या उत्सर्जनाची मर्यादा दाखवणारी युरोपीय श्रेणी) किंवा त्याहून कमी उत्सर्जनाची नोंद बॉक्सवर आहे की नाही हे पाहावे. बंद खोलीत एसी लावून झोपणाऱ्या घरात, विशेषतः तान्हे बाळ असताना, या नोंदीकडे दुर्लक्ष करू नये.

जुनी जमीन काय सांगते

उतार आणि उंचसखलपणा या दोन गोष्टींत फरक करावा लागतो. जुन्या घरांत धुण्याचे पाणी मोरीकडे जावे म्हणून फरशीला मुद्दाम उतार दिलेला असतो. तो एकसारखा असेल तर क्लिकच्या फळ्यांना त्रास होत नाही, कारण फळ्यांना पातळी नव्हे, सपाटपणा लागतो. दोन मीटरची सरळ ॲल्युमिनियम पट्टी जमिनीवर वेगवेगळ्या दिशांनी ठेवावी आणि तिच्याखाली तीन मिलिमीटरपेक्षा जास्त पोकळी दिसते का हे पाहावे. दिसली तर उंच भाग घासून किंवा खोलगट भाग सेल्फ लेव्हलिंगच्या, म्हणजे ओतल्यावर आपोआप सपाट पसरणाऱ्या, मिश्रणाने भरून जमीन सपाट करावी. जुनी फरशी काठीने ठोकावी आणि जिथे पोकळ आवाज येतो ती फरशी आधी पक्की करावी, कारण हलणाऱ्या फरशीवर बसवलेली फळी वर्षभरात करकरायला लागते.

या खर्चाला कंटाळून काही जण जाड फोम अंथरण्याचा मार्ग काढतात, आणि तो मार्ग चुकीचा आहे. पाच मिलिमीटरचा मऊ फोम पायाखाली सुखद वाटतो, पण प्रत्येक पावलाला फळी खाली-वर होते आणि खाच तुटते. दोन, फार तर तीन मिलिमीटरचा घट्ट फोम पुरेसा असतो. सिमेंटच्या जमिनीवर त्याखाली ०.२ मिलिमीटरचा पॉलिथिनचा कागद एकमेकांवर वीतभर चढवून अंथरावा. एसपीसीच्या फळीला तळाशी बहुधा फोम चिकटवलेलाच येतो, त्यावर आणखी फोम घालू नये. एसपीसीची खाच पातळ असल्याने असमान जमिनीचा फटका तिला लॅमिनेटपेक्षाही लवकर बसतो. ‘कशाही जमिनीवर चालते’ हे विधान दोन्हींच्या बाबतीत खोटे आहे.

लाकडासारखी टाइल जुन्या फरशीवर चिकटवता येते, तथापि तिथे वजनाचा प्रश्न येतो. नऊ-दहा मिलिमीटरची व्हिट्रिफाइड टाइल चौरस मीटरला वीस किलोच्या आसपास भरते आणि चिकटवण्याचे मिश्रण वेगळे. आठ मिलिमीटरचे लॅमिनेट साधारण सात किलो भरते. जुन्या इमारतीत टाइलवर टाइल घालण्यापूर्वी सोसायटीची परवानगी आणि गरज पडल्यास अभियंत्याचे मत घ्यावे. लांब टाइलला भाजताना किंचित कमान येते, म्हणून विटांसारखी अर्ध्यावर अर्धी न मांडता सांधे एक तृतीयांश सरकवावेत, नाहीतर कडा पायाला लागतात. हे काम आठवडाभर धुळीत चालते. लॅमिनेट किंवा एसपीसीची एक खोली, जमीन तयार असेल तर, एका दिवसात होते आणि त्याच रात्री तिथे झोपता येते.

पायाला काय लागते

डिसेंबरच्या पहाटे नाशिकला किंवा पुण्याला अनवाणी पाय टाइलवर ठेवला की गारठा पोटरीपर्यंत चढतो. गुडघे दुखणाऱ्या आईवडिलांसाठी, किंवा जमिनीवर बसून खेळणाऱ्या नातवंडासाठी, लॅमिनेटची ऊब ही खरी सोय आहे आणि फरशी बदलण्याचे ते पुरेसे कारण आहे. एसपीसी या दोन्हींच्या मधे बसते, टाइलपेक्षा उबदार आणि लॅमिनेटपेक्षा थोडे थंड. कोकणात आणि विदर्भात मात्र उन्हाळ्यात टाइलचा गारवाच हवासा वाटतो, दुपारी चटई टाकून पडायला तिच्यासारखी दुसरी जमीन नाही. आवाजाचे गणित वेगळे आहे. लॅमिनेट जमिनीला चिकटवलेले नसते, त्यामुळे पावलांचा आवाज खोलीत किंचित पोकळ ऐकू येतो. घट्ट फोम आणि जाड फळी यांनी तो पुष्कळ कमी होतो.

रोजच्या साफसफाईचा विचार घरकाम कोण करते हे पाहून करावा. लॅमिनेटवर आधी मऊ झाडू आणि मग घट्ट पिळलेले फडके, एवढेच चालते. वाफेचा मॉप चालत नाही आणि बादलीतून गळते फडके तर मुळीच नाही. घरी पुसायला येणाऱ्या मावशींना हे पहिल्याच दिवशी स्वतः करून दाखवावे. दिवसभर घरी कोणी नसते आणि फडके किती ओले होते हे कळणार नाही, अशी स्थिती असेल तर मी लॅमिनेटचा आग्रह सोडून देईन.

मग कोणत्या खोलीत काय

वरच्या मजल्यावरील शयनकक्षात, ज्याला लागून न्हाणीघर असले तरी त्याचा उंबरठा वर आहे आणि ज्याच्या खिडकीतून पावसाची झड आत येत नाही, तिथे मी कडांना लेप दिलेले आठ मिलिमीटरचे एसी ४ लॅमिनेट घेईन. एसीच्या पाण्याचा नळ त्याआधी तपासून घेईन. न्हाणीघराचा उंबरठा जमिनीच्या पातळीत असेल, किंवा गॅलरीचे पाणी आत येण्याचा इतिहास असेल, तर त्याच खोलीत एसपीसी घेईन. दिवाणखान्यात गणपतीच्या दिवसांत माणसांची ये-जा, सांडलेले पाणी, तेल आणि कुंकू हे सारे असते, शिवाय मुख्य दारातून वाळू आत येते. तिथे जुनी फरशी चांगली असेल तर ती तशीच ठेवावी, आणि बदलायचीच असेल तर टाइल घालावी. स्वयंपाकघरात लॅमिनेटचा विचारही करू नये. देवघर शयनकक्षात असेल, तर समई खाली ताटात ठेवावी, कारण तापलेल्या तेलाचा आणि पडलेल्या वातीचा डाग लॅमिनेटवरून सहजी जात नाही.

खर्चाची तुलना करताना फळीचा भाव एकट्याने फसवतो. आठ मिलिमीटरचे लॅमिनेट सर्वांत स्वस्त पडते, आणि बारा मिलिमीटरचे लॅमिनेट व बरे एसपीसी पुष्कळदा एकमेकांच्या जवळ येतात. त्यावर फोम, पॉलिथिन, स्कर्टिंग, दारातल्या पट्ट्या, मजुरी, दारे कापणे आणि जमीन सपाट करणे हे सगळे धरून लेखी अंदाजपत्रक मागावे, आणि दोन विक्रेत्यांची अंदाजपत्रके ओळीला ओळ लावून पाहावीत. टाइलच्या बाजूला चिकटवण्याचे मिश्रण, मजुरी आणि तेवढे दिवस सामान हलवण्याचा त्रासही मांडावा.

मालाची मागणी देताना मोजमाप असे करावे. बारा फूट बाय चौदा फुटांची खोली १६८ चौरस फुटांची होते आणि कापण्यात जाणारे दहा टक्के धरले की जवळजवळ १८५ चौरस फूट लागतात. १२१५ बाय १९५ मिलिमीटरच्या आठ फळ्यांचा बॉक्स २०.४ चौरस फुटांचा असतो, म्हणजे नऊ बॉक्सांत काम काठावर येते आणि दहा घ्यावे लागतात. सगळे बॉक्स एकाच बॅचचे आहेत हे फोडण्यापूर्वीच पाहून घ्यावे. जो उरेल त्यातल्या फळ्या परत करू नयेत. काही वर्षांनी एखादी फळी बदलायची वेळ येते तेव्हा ती छपाई बाजारातून गेलेली असते, म्हणून उरलेल्या फळ्या माळ्यावर, भिंतीला टेकवून उभ्या न ठेवता, सपाट आडव्या ठेवाव्यात आणि बॉक्सवरचा बॅच क्रमांक दिसेल अशी बाजू वर ठेवावी.